बोडीवरची बाग : नागपुरातल्या एका ले-आउटचं प्रकरण

दक्षिण-पश्चिम नागपुरात, खामल्याच्या पलीकडे, सत्तरच्या दशकात पडलेल्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे शेतात प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, मी एकतीस वर्षांपासून राहते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. ले-आउट दहाएक एकरांचा, आणि त्याच्या पूर्वेच्या अंगाला साधारण एका एकराची बाग. बागेला नाव नाही. पत्ता सांगताना आम्ही नुसतं ‘बागेजवळ’ म्हणतो आणि ऑटोवाल्याला तेवढं पुरतं.

२०२१-२२ च्या हिवाळ्यात ही बाग सुधारली गेली. त्यानंतरच्या दोन्ही पावसाळ्यांत, म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये, बागेच्या उताराकडच्या सात घरांत पाणी शिरलं. त्याआधीच्या पंचेचाळीस वर्षांत पाणी अंगणापर्यंत यायचं, पण उंबरा कधी ओलांडला नाही, असं जुने लोक सांगतात. हे का झालं, आम्ही ते कसं शोधलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात काय केलं, त्याची ही नोंद. महाराजबागेचा इतिहास सांगायला भोसल्यांचं राज्य आहे, कस्तुरचंद पार्कला सर कस्तुरचंद डागांचं नाव आहे आणि वारसा यादीत जागा आहे. आमच्यासारख्या बागेचा इतिहास कोणाच्या तरी घरी पत्र्याच्या पेटीत असतो. ती पेटी रद्दीत गेली की तो संपतो.

बाग कशी होती

नागपुरात ले-आउट कसे पडले ते ठाऊक असलं तर पुढचं लवकर कळेल. शहराच्या कडेची ही सगळी मौजे मालगुजारांची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, शेतं शेतकऱ्यांच्या नावावर राहिली आणि शहर वाढत आलं तशी खसऱ्यामागून खसरे (जमिनीचे मोजणी क्रमांक) विकली गेली. कुठे गृहनिर्माण सहकारी संस्थेने घेतली, कुठे एखाद्या दलालाने. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास उभा राहिला होता, धरमपेठ-रामदासपेठेसारख्या वस्त्या आखून बसल्या होत्या. त्यामानाने बाहेरचे ले-आउट घाईत पडले. तरी नकाशा मंजूर करून घ्यायचा तर थोडी जागा मोकळी सोडावी लागे. आजच्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ४००० चौरस मीटरच्या वरच्या ले-आउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागतेच.

आता ती जागा कुठे सोडायची? विकणारा माणूस जिथला प्लॉट विकला जाणार नाही तिथेच सोडणार. ओहळाचा काठ, खोलगट तुकडा, विजेच्या मोठ्या तारांखालची पट्टी. नागपुरातली कोणतीही ले-आउटची बाग पाहा आणि स्वतःला विचारा, इथे घरं का नाहीत? नव्वद टक्के उत्तर तिथेच मिळेल, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. स्वतःच्या बागेबद्दल मात्र तो प्रश्न मी एकतीस वर्षांत विचारला नव्हता, आणि याची मला खरोखर खंत आहे.

मी राहायला आले तेव्हा बागेला विटांची कंपाऊंड वॉल होती, दोन झोपाळे, एक घसरगुंडी, पाच जुने कडुनिंब, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात दगडी बांधणीची विहीर. विहिरीच्या बाजूचा तिसरा हिस्सा खोलगट होता. पोरं त्याला ‘डबरं’ म्हणत. पावसाळ्यात तिथे घोट्याएवढं पाणी साचायचं, बेडकं ओरडायची, चार दिवसांत पाणी ओसरून चिखल राहायचा. उन्हाळ्यात तीच काळी माती अशी भेगाळायची की भेगेत अख्खा हात कोपरापर्यंत जाई. चेंडू गेला की पोरं काडी घालून काढत बसत. भिंतीच्या तळाशी, नाल्याच्या बाजूने, फूटभर रुंदीची एक मोरी होती. तिचं कोणाला काही वाटत नसे. तिथून कधी मुंगूस यायचं.

सुधारणा

चांगल्या हेतूनेच झालं, हे आधी सांगते. चिखलाचा त्रास खराच होता. तीन नंबरच्या मामींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना चालायला सपाट वाट हवी होती. तरुण पोरांना ग्रीन जिम हवी होती. सगळ्यांनी मिळून अर्ज दिला, त्यावर माझीही सही आहे.

बाग ज्या कार्यालयाच्या ताब्यात होती त्यांनी काम काढलं, कंत्राटदार आला. डबऱ्यात मुरूम भरला. भरावाच्या मुरमाचं माप ब्रासमध्ये असतं, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. मी नंतर हिशोब केला तो असा : डबरं साधारण १२,००० चौरस फूट, सरासरी खोली दीड फूट, म्हणजे १८,००० घनफूट. एकशे ऐंशी ब्रास मुरूम. टिप्परच्या सत्तर-पंचाहत्तर फेऱ्या झाल्या असतील. त्यावर रोलर फिरवला, कडेने गट्टूंचा, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा, ट्रॅक केला, मध्ये लॉन लावलं, विहिरीवर स्लॅब टाकून त्यावर बाक ठेवला. भिंतीचं प्लास्टर करताना मोरी बुजवली, कारण तिथून साप येतात अशी तक्रार होती. त्याआधी, २०१८ च्या सुमारास, बागेच्या दोन बाजूंचा रस्ता सिमेंटचा होऊन चांगला हातभर उंच झालेला होताच.

उद्घाटनाला आम्ही सगळे होतो. बाग खरंच सुंदर दिसत होती. मामी पहिल्याच दिवशी चार फेऱ्या चालल्या.

जुलै २०२२ मध्ये एका जोरदार पावसात सात घरांत वीतभर पाणी आलं. ‘यंदा पाऊसच फार’ म्हणून आम्ही ते सोडून दिलं. त्याच वर्षी विहिरीजवळच्या कडुनिंबाची पानं बारीक आणि पिवळी यायला लागली, तेही सोडून दिलं.

महालक्ष्म्यांची रात्र

२२ सप्टेंबर २०२३ ला महालक्ष्म्या जेवल्या होत्या. आमच्याकडे हा सण केवढा मोठा हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. घराघरांत पाहुणे, सोळा भाज्या, आंबील, रात्री उशिरापर्यंत पंगती. चौदा नंबरच्या काकूंकडे तर पुसदहून, अमरावतीहून माणसं आलेली. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि काही तासांतच नागपुरात शंभर मिलिमीटरच्या वर पडला. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांचं काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमची वस्ती त्या नदीवर नाही, आमचं पाणी पोहरा नदीकडे जातं. म्हणून आमच्याकडे कोणाचा कॅमेरा आला नाही.

पहाटे चारला काकूंच्या मुलाचा फोन आला. मी गेले तर दिवाणखान्यात गुडघ्याच्या खाली पाणी, आणि काकू महालक्ष्म्यांसमोर उभ्या. कोठ्यांच्या खालच्या घड्या भिजल्या होत्या, नेसवलेल्या साड्यांचे काठ पाण्यावर तरंगत होते. विसर्जनाआधी हलवायच्या कशा म्हणून काकूंनी कोणाला हात लावू दिला नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःच अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, ‘‘उचला आता. आज जायचंच होतं त्यांना, थोडं लवकर.’’ दोन मुखवटे मी माझ्या पदरात घेऊन वरच्या मजल्यावर नेले. ते किती जड असतात ते मला त्या दिवशी कळलं.

उजाडल्यावर गच्चीवरून पाहिलं. बाग कोरडी होती. लॉनवर पाण्याचा थेंब साचलेला नव्हता, आणि तिच्या शेजारची गल्ली तलाव झालेली होती. मी भूगोल शिकवला आहे. हे उलटं आहे एवढं मला समजलं.

पातळी

पहिलं काम नकाशा शोधण्याचं. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागितली. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, ‘अभिलेख आढळून येत नाही.’ मग आम्ही संस्थेच्या जुन्या सचिवांच्या घरी गेलो. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्या सूनबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी फेकली नव्हती. पेटीत पावत्या, प्रन्यासच्या पत्रांच्या प्रती, सभेच्या वह्या आणि अगदी खाली घडीवर फाटलेली नकाशाची अमोनिया प्रिंट. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

नकाशात बागेच्या जागी ‘मोकळी जागा’ लिहिलेलं, विहिरीचं वर्तुळ, आणि पूर्वेच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत गेलेली एक तुटक दुहेरी रेघ. मोरी तिथेच होती. म्हणजे ती भिंतीला पडलेलं भोक नव्हतं, ती आखलेली वाट होती.

दुसरं काम मी आणि ले-आउटमध्ये जन्म गेलेल्या एका मिस्त्रीभाऊंनी केलं. मिस्त्री लोक पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, पंधरा मीटरची, पाण्याने भरलेली. एक टोक मी धरायचं, एक भाऊंनी, पाणी ठरलं की खडूने खूण. एका रविवारी सकाळी सहापासून दहापर्यंत आम्ही पूर्ण बाग आणि चारही गल्ल्या अशा मोजल्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळं माप चुकतं, त्यामुळे भाऊ दर वेळी नळी बोटाने टिचकी मारत वर चढवत नेत. मापं अशी निघाली : डबऱ्याची जुनी माती (विहिरीच्या कठड्याच्या पायथ्याशी हातभर खणून ती सापडली) शून्य धरली, तर पूर्वेची गल्ली पावणेदोन फूट वर, आजचं लॉन तिच्याहून थोडं उंच, पश्चिमेचा सिमेंटचा रस्ता तीन फूट दोन इंच वर. काकूंचा उंबरा दोन फूट चार इंचांवर. पश्चिमेचं सगळं पाणी आधी डबऱ्यात उतरत होतं. आता डबरंच राहिलं नाही म्हटल्यावर ते लॉनवरून घसरत पूर्वेच्या गल्लीत जाणार, आणि गल्लीतून बाहेर पडायला मोरी नाही.

याच खणण्यात कडुनिंबाचंही उत्तर सापडलं. जमिनीलगत कोणत्याही जुन्या झाडाचा बुंधा पसरतो, मुळं वरून दिसतात. आमचे कडुनिंब मात्र विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत गेलेले होते. त्यांचा पसारा दीड फूट मुरमाखाली गाडला गेला होता. मुळांना हवा लागते, ती वरच्या फूटभर मातीत असते. त्यावर दाबलेला मुरूम आणि गट्टू घातले की झाड एका दिवसात मरत नाही, दोन-तीन वर्षं गुदमरत राहतं. विहिरीजवळचा कडुनिंब त्या हिवाळ्यात वाळला, दुसरा पुढच्या उन्हाळ्यात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट काढून मीटरभर माती मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या अर्जावर सही करताना मला हे माहीत असायला हवं होतं.

गवळीबाबा आणि वाजिब-उल-अर्ज

तरी एक प्रश्न उरला. इथे खोलगट होतं, इतकं पातळीने सांगितलं. ते का होतं?

नाल्यापलीकडे जुन्या वस्तीत एक गवळीबाबा राहतात. ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडे गेले तर ते माझ्याकडे बघून हसलेच.

‘‘बाई, तिथं बोडी होती नं. आमच्या म्हशी दुपारभर बसून राहत. उठाच्याच नाही.’’

‘‘बाबा, विहीर?’’

‘‘विहीर मंग खोदली, संत्र्याच्या बागेसाठी. बोडीचं पाणी झिरपे तिच्यात, म्हणून तिथंच खोदली. अन् पोयाच्या दिवशी बैल धुवाले अख्खं गाव तिथंच येत होतं.’’

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, तिन्ही बाजूंनी मातीची पाळ घातलेलं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला घरोघरी असते, नागपूरच्या आसपास तुरळक. संत्र्याची बाग, तिच्या वरच्या अंगाला बोडी, खालच्या अंगाला विहीर. मला एकदम लक्षात आलं की शहरातल्या जुन्या बागाही अशाच बसलेल्या आहेत. महाराजबाग नाग नदीच्या काठी, तेलंगखेडीची बाग फुटाळ्याशेजारी, सक्करदऱ्याची तलावाजवळ, अंबाझरीची तलावाला लागून. आधी पाणी, मग बाग. ले-आउटच्या काळात आम्ही क्रम विसरलो आणि बागेतलं पाणी हा दोष मानू लागलो.

बाबांचं सांगणं कागदावर हवं होतं. विदर्भात एक सोय आहे जी पुष्कळांना माहीत नसते. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल पद्धतीतून आलेले दोन अभिलेख महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नेही चालू ठेवले : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात गावाच्या सरकारी पडीत जमिनीचा वापर लिहिलेला असतो, जसं चराई, सरपण, स्मशान. वाजिब-उल-अर्जात येते ती दुसरी गोष्ट, जी जमीन किंवा पाणी सरकारचं वा स्थानिक संस्थेचं नाही, म्हणजे खाजगी आहे, त्यावरच्या गावाच्या वहिवाटी : पाटाचं पाणी, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी. आमची बोडी खाजगी खसऱ्यात होती, म्हणजे नोंद असलीच तर इथेच असणार.

दोन महिने आणि सहा चकरा लागल्या. मौज्याची नक्कल मिळाली तेव्हा त्यात आमच्या खसऱ्यासमोर बोडीतून गुरांना पाणी पाजण्याची वहिवाट लिहिलेली होती, एका ओळीत, बोरूच्या वळणदार अक्षरात. गावनकाशावर त्याच जागेतून ओहळाची बारीक रेघ नाल्याला मिळत होती. ती ओळ मी पटवारी कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभी राहून किमान दहा वेळा वाचली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं मला काही कारण वाटत नाही.

बैठक

जानेवारी २०२४ मध्ये बागेतच सतरंज्या टाकून बैठक झाली. तीन बाजू होत्या. सात घरांना डबरं परत हवं होतं. मामी आणि सकाळी चालणाऱ्यांना ट्रॅक जाऊ द्यायचा नव्हता. तिसरी बाजू म्हणत होती की एवीतेवी खणायचंच आहे तर त्या कोपऱ्यात समाजभवन बांधून टाका, बारशा-साखरपुड्याला कामी येईल.

समाजभवनाच्या बाबतीत मी ठाम होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेंगळुरूच्या एका प्रकरणात निकाल दिला आहे. तिथे बागेसाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणाने एका खाजगी न्यासाला रुग्णालयासाठी दिली होती. आजूबाजूच्या रहिवाशांनी आव्हान दिलं. न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवलं, आणि बाग गेली तर नुकसान रहिवाशांचंच होतं, म्हणून त्यांना दाद मागण्याचा हक्क आहे असंही मान्य केलं. रुग्णालयासारख्या उपयोगाच्या कामासाठीसुद्धा बाग देता येत नाही, तर साखरपुड्याच्या हॉलसाठी कशी द्यायची? हे सांगितल्यावर तो विषय तात्पुरता बाजूला पडला.

खरा कस ट्रॅकवर लागला. मामी म्हणाल्या, ‘‘बाई, तुम्ही माझा रस्ता खणून बेडकांना देणार?’’ त्यांचं चुकत नव्हतं. पडल्या तर त्यांचं सगळंच थांबेल. आणि डासांचा मुद्दाही होता. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला आठवडाभर घेतो, म्हणून पाणी तीन दिवसांच्या आत निघून गेलं पाहिजे, हे आम्ही कामाच्या अटीतच लिहून घेतलं.

मग मी फळ्यावर हिशोब मांडला, शाळेत मांडायचे तसा. दहा एकरांवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चाळीस लाख लिटर पाणी. डबरं पूर्ण भरलं तर मावतं पाच लाख लिटर, साधारण आठवा हिस्सा. कोणीतरी लगेच म्हणालं, मग काय उपयोग? उपयोग असा, की नाली तुंबते ती पहिल्या जोराच्या सरीत, आणि उंबऱ्यापर्यंतचं अंतर असतं सात इंच. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर त्या वेळी गल्लीत ओतायचे की बागेत थांबवायचे, एवढाच प्रश्न होता. पन्नास टँकर म्हटल्यावर सगळे गप्प झाले. उन्हाळ्यात एका टँकरची वाट कशी पाहावी लागते हे या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तोडगा मिस्त्रीभाऊंनी काढला. ट्रॅक डबऱ्यातून न नेता त्याच्या पाळीवरून न्यायचा. जुन्या बोडीला पाळ होतीच, ती पुन्हा घालायची, त्यावर गट्टू, कडेला रेलिंग. मामींची वाट कोरडी राहील आणि आधीपेक्षा लांब होईल.

काम आणि नंतर

परवानगीचा भाग लांबच लांब आहे, तो सोडते. कार्यालयात नव्याने आलेल्या एका कनिष्ठ अभियंत्याने आमची मापं स्वतः लेव्हल मशीन लावून तपासली, अर्ध्या इंचाच्या फरकाने ती जुळली. मिस्त्रीभाऊंना त्या दिवशी झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

मार्च ते मे २०२४ मध्ये डबऱ्यातला मुरूम काढला, त्यातलाच पाळीला वापरला. खाली काळी माती लागेपर्यंत उकरलं. उरलेल्या तीन कडुनिंबांचे बुंधे मशीन न लावता हाताने, कुदळीने नाही तर खुरप्याने मोकळे केले, कारण मुरमात नवी मुळं फुटली होती. ती झाडं पन्नास वर्षांच्या वरची आहेत. झाडांच्या १९७५ च्या राज्य कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा झाडाला वारसा वृक्ष मानतात, आणि ते तोडायची वेळ आली तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. ते नियम वाचून दाखवल्यावर कंत्राटदाराची माणसंही जपून हात घालू लागली.

मोरी उघडली, तिला जाळी बसवली. तिचं तोंड मुद्दाम लहान ठेवलं, पाणी अडून हळू जावं म्हणून. पाणी ‘जिरवायची’ भाषा पुष्कळ लोक करत होते. आमच्याकडे ती फारशी चालत नाही. काळी माती एकदा भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात आणि पाणी आत जाईनासं होतं. या जागेचं काम पाणी थांबवून सावकाश सोडणं, एवढंच. विहिरीवरचा स्लॅब तोडला, लोखंडी जाळी घातली, गप्पी मासे सोडले. रस्त्याचं तेलकट पाणी विहिरीत जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. मेलेल्या दोन कडुनिंबांच्या जागी, ओल सोसणारी म्हणून, अर्जुन, जांभूळ आणि करंज लावले. कडुनिंबाला पाण्यात उभं राहणं मानवत नाही.

२०२४ च्या जुलैत जोरदार पाऊस झाला. मी आणि काकू छत्री घेऊन पाळीवर उभ्या होतो. पाणी पश्चिमेच्या रस्त्यावरून आलं, डबऱ्यात उतरलं, तासाभरात विहिरीच्या कठड्याची दुसरी दगडी थर बुडाली. गल्लीत दोनेक इंच पाणी चढलं. काकूंच्या उंबऱ्याला पाच इंच बाकी होते. दीड दिवसात डबरं रिकामं झालं. सात घरांपैकी एकाही घरात पाणी गेलं नाही. तो पाऊस आदल्या सप्टेंबरएवढा नव्हता, हे खरं आहे, आणि तेवढा पडला तर काय होईल हे तेव्हाच कळेल.

सप्टेंबरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा बागेतच भरला, दरवर्षीसारखा. पोरं लाकडी बैल सजवून, दोरी धरून पाळीवरून ओळीने आली. गवळीबाबांना आम्ही खुर्चीवर बसवून आणलं होतं. एक पोरगा त्यांच्यासमोरून सरळ खाली उतरला आणि आपल्या बैलाची चाकं डबऱ्यातल्या पाण्यात घालून पुसायला लागला. त्याची आई ओरडली, रंग जाईल म्हणून. बाबा म्हणाले, ‘‘धुवू दे त्याले.’’

मामी आता पाळीवरून रोज पाच फेऱ्या करतात. विहिरीजवळ लावलेल्या तीन जांभळांपैकी एक वाळला, तो यंदा पुन्हा लावला. मोरीची जाळी मृग लागायच्या आत साफ करायची पाळी सात घरांनी वाटून घेतली आहे, वही चौदा नंबरला असते. मागच्या महिन्यात समाजभवनाचा अर्ज पुन्हा फिरायला लागला आहे, या वेळी त्यावर चाळीसएक सह्या आहेत. नकाशाची आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकलेची एकेक प्रत आम्ही तीन घरांत ठेवली आहे. चौथी मी प्लास्टिकमध्ये घालून त्याच पत्र्याच्या पेटीत परत ठेवून आले.